गाळ काढा, पण कोंडाचा उंबरा फोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या नद्यांमधला गाळ काढण्याच्या कामाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आली. सोबत फोटो होता. नदीच्या मधोमध उभे पोकलेन, दोन्ही काठ साफ केलेले, पात्र मैदानासारखे सपाट. खाली ओळ होती, ‘नदीने घेतला मोकळा श्वास’. फोटोतली जागा मला ओळखता आली नाही. पण असेच सपाट केलेले पात्र माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि तिथे पुढे काय झाले ते मी रोज पाहतो आहे. म्हणून हे पत्र.

मी संगमेश्वर तालुक्यातला. 1987 ते 2023 अशी छत्तीस वर्षे ग्रामीण डाकसेवक होतो. टपालाची पिशवी खांद्याला लावून पाच वाड्या पायी फिरायचो, आणि त्या पाच वाड्यांसाठी नदीवरचे तीन साकव रोज दोनदा ओलांडायचो. पावसाळ्यात साकवावरून जाताना पाण्याकडे पाहायची सोय नसते, पाय जपावे लागतात. पण दिवाळीनंतर पाणी निवळले की मी प्रत्येक साकवावर दोन मिनिटे थांबत असे. खाली कोण कोण आहे ते दिसायचे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की गोष्ट एका गावाची होते, आणि हे एका गावाचे राहिलेले नाही.

आमची नदी पुढे शास्त्रीला मिळते. शास्त्री प्रचितगड-शृंगारपूरच्या बाजूने उतरते, संगमेश्वरला सोनवीला भेटते आणि जयगडच्या खाडीतून समुद्रात जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या अशाच. कड्यावरून निघाल्या की शंभर किलोमीटरच्या आत समुद्र. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा या एवढ्याशा वाटेने धावत जातो. होळीपर्यंत नदी वाहती असते. मग धार बारीक होते, दगडांखाली जाते, आणि उरतात ते कोंड. कातळातले खोल डोह. नकाशावर नदीची निळी रेघ अखंड दिसते, पण एप्रिलमध्ये खरी नदी म्हणजे एकामागून एक असे सुटे कोंड. मधे नुसते तापलेले धोंडे.

माझ्या टपालाच्या वाटेवर असे अकरा कोंड होते. प्रत्येकाला नाव. सतीचा, म्हशीचा, मांडवाचा, राखणदाराचा. म्हशीच्या कोंडात खरोखरच म्हशी बसायच्या, आणि त्यांच्या अंगावरच्या चिखलात तोंड खुपसायला बारीक मासे गोळा व्हायचे. मांडवाच्या कोंडावर जांभळीच्या आणि करंजाच्या फांद्या दोन्ही बाजूंनी टेकलेल्या, भर दुपारी तिथे सावली. काठाच्या खडकांमधून शेरणीची झुडपे. ही शेरणी पुरात आडवी होते आणि पूर ओसरला की उभी राहते, तिची मुळे धोंडे धरून ठेवतात. तिच्या मुळांत कोळंबी लपते.

कोंडात पाणी का टिकते, हे मला कुणी शिकवले नाही, रोज पाहून कळले. कोंडाच्या खालच्या टोकाला कातळाची एक आडवी पट्टी असते. कुठे हातभर उंच, कुठे कमरेएवढी. आम्ही तिला उंबरा म्हणतो. वरून आलेले पाणी त्या उंबऱ्यामागे थांबते, भरले की वरून सांडते. पाऊस संपल्यावर सांडणे थांबते, पण मागचे पाणी राहते. पुराच्या लोंढ्याने वरच्या अंगाला पात्र खरवडले जाते आणि उंबऱ्यापाशी अडते, अशी ही घडण हजारो वर्षांची असणार. यात गाळ फारसा साचत नाही. गाळ साचतो तो पुढे, पात्र रुंद आणि सपाट होते तिथे, आणि खाडीच्या तोंडाशी.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गाळ काढायला यंत्रे आली. आम्ही सगळ्यांनी नारळ फोडून स्वागत केले, मीही होतो. का नाही करणार? 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडाले तेव्हा माझ्या भाच्याचे तिथले दुकान छपरापर्यंत पाण्यात होते. तो आणि त्याची बायको शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर रात्रभर भिजत बसले होते. संगमेश्वरच्या बाजारात पाणी शिरते ते तर आम्ही जवळजवळ दर पावसाळ्यात बघतो. पूर ही काय चीज आहे हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्यामुळे गाळ काढू नका असे मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही.

पण त्या यंत्राने काय केले? रुंद पात्रातल्या रेती-गोट्यांपासून सुरुवात केली आणि तसेच वर सरकत सतीच्या कोंडापर्यंत आले. उंबरा आडवा आला. चालकाला वाटले, हा अडथळा. त्याला तसे वाटणे साहजिक आहे, तो लांबचा मुलगा, दिवसाला किती घनमीटर काढले त्यावर त्याचा हिशेब. ब्रेकर लावून दीड दिवसात उंबरा फोडला. काठची शेरणी, करंज उपटून दगडांबरोबर बाजूला रचले. त्या संध्याकाळी सतीच्या कोंडातले पाणी खाली उतरून गेले. पोरे बादल्या घेऊन धावली. वीतभर चिखलात मासे उड्या मारत होते. मी काठावर उभा होतो. माझ्या आजोबांनी ज्या कोंडाचा तळ कधी पाहिला नव्हता, त्याचा तळ मी पाहिला. तिथे एक जुनी पितळेची घागर सापडली, कुणाची कोण जाणे.

पुढल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावच्या नळपाणी योजनेची विहीर आटली. ती विहीर सतीच्या कोंडाच्या काठाला आहे. कोंडाचे पाणी झिरपून तिला पाणी मिळत होते, हे योजना करणाऱ्यांना माहीत होते म्हणूनच ती तिथे खोदली गेली. चौदा वर्षे ती मे अखेरपर्यंत टिकली. आता एप्रिलमध्ये टँकर. पुराचे पाणी पंधरा मिनिटे लवकर खाली जावे म्हणून आमच्या आयाबहिणींनी दोन महिने टँकरची वाट बघायची, हा व्यवहार कोणी ठरवला? मी ग्रामपंचायतीत विचारले, तालुक्याला जाऊन विचारले, ठेकेदाराच्या माणसालाही विचारले. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. कामाच्या कागदात ‘पात्रातील अडथळे दूर करणे’ एवढेच लिहिलेले होते. कोंड हा शब्द कुठेच नव्हता.

आता माशांबद्दल लिहितो. माझे खरे म्हणणे तिथेच आहे.

मृगाचा पाऊस लागला, पऱ्यांना, म्हणजे ओढ्यांना, गढूळ पाणी आले, की पहिल्या दोन-तीन रात्री मासे चढतात. आम्ही याला वलगण म्हणतो. कोंडातून नदीत, नदीतून पऱ्यात, पऱ्यातून थेट खलाटीतल्या भाताच्या शेतात. पोटात अंडी भरलेली असतात, ती उथळ, संथ, उबदार पाण्यात टाकायची म्हणून ही सगळी चढाई. त्या रात्री इरली आणि घोंगड्या घेऊन, चुडी पेटवून सगळा गाव पऱ्यावर असायचा. पागाने म्हणजे फेकजाळ्याने, कोयतीने, हाताने, जमेल तसे मासे धरायचे. घरोघरी केळीच्या पानात हळद-मीठ-तिखट आणि आमसूल लावून मळे मासे भाजायला टाकलेले. त्या वासाची आठवण मुंबईला गेलेली आमची माणसे अजून काढतात.

यातली माझी आठवण निराळी आहे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पऱ्याच्या तोंडाशी दगड रचून मी आणि माझ्या चुलतभावाने सगळी वाट बंद केली होती, एकही मासा वर जाऊ नये अशी. आई तरव्याकडे निघाली होती, तिने पाहिले. काही न बोलता वाकून तिने मधले दोन दगड काढले आणि म्हणाली, “वायच वाट ठेव रे तेंना. बियाण्याची मुडी कोण सोडतो काय खायला?” भाताच्या बियाण्याची मुडी माळ्यावर टांगलेली असते, घरात दाणा नसला तरी तिला हात लावत नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होते. मासे म्हणजेही तेच आहे, हे त्या दिवशी कळले.

शिमग्यापासून पहिल्या पावसापर्यंत सतीच्या कोंडात पाग टाकायचा नाही, असा आमच्या गावाचा रिवाज होता. शिमग्यात मानकरी तसे सांगत. मागे देवीचा कोप वगैरे गोष्टी होत्या, पण अर्थ सरळ होता. उन्हाळ्यात मासे कोंडात कोंडलेले असतात, पळायला वाट नसते. तेव्हा मारले तर वलगणीला चढायला कोण उरणार?

समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. 61 दिवस. मिरकरवाडा, हर्णै, सगळीकडे बोटी नांगरलेल्या असतात, आणि मच्छीमारांना त्याचा जाच होत असला तरी त्यामागचे कारण त्यांना पटते. तो नियम समुद्रापुरता आहे. माझ्या पऱ्यापर्यंत तो येत नाही. माझ्या हयातीत आमच्या नदीसाठी असा एकही दिवस कुणी जाहीर केलेला मी ऐकला नाही. पूर्वी रिवाज होता तो गेला, आणि त्याच्या जागी काही आले नाही.

आले ते टीसीएल. पिण्याच्या पाण्यात टाकायची ही पावडर रात्री कोंडात ओततात. सकाळी सगळे पांढरे पोट वर करून तरंगते. त्यातले मोठे मासे उचलतात, बाकी तसेच. मासे, बेडकांची पिल्ले, खेकडे, शेरणीच्या मुळातली कोळंबी, काहीच वाचत नाही. काही ठिकाणी विजेच्या तारा सोडतात. पूर्वीही आमच्याकडे गेळ्याची फळे नाहीतर रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकत, हे मी लपवत नाही. पण त्याने मासे झिंगत, आणि पाणी वाहते झाले की उरलेले सावरत. टीसीएलनंतर त्या कोंडात तीन-तीन महिने शेवाळसुद्धा धरत नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला 1897 च्या मासेमारी कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षे होऊन गेली. माझ्या छत्तीस वर्षांच्या फेऱ्यांत त्यासाठी कुणाला पकडल्याचे पत्र, समन्स, नोटीस, काहीही माझ्या पिशवीतून गेले नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी रत्नागिरीहून मत्स्यशास्त्र शिकणारी एक मुलगी आमच्याकडे माशांची नोंद करायला आली होती. वाटा दाखवायला मी बरोबर होतो. दगडाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून राहणारा मासा मी तिला दाखवला आणि म्हणालो, हा मळ्या. ती हसली आणि म्हणाली, काका, याचे शास्त्रीय नावही तेच आहे, गारा मुल्या. मला आधी थट्टा वाटली. मग तिने सांगितले की साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने छापली, तेव्हा नावे देताना इथल्या लोकांचेच शब्द उचलले. मळ्याचा मुल्या झाला, शिंगटीची सिंगटी, मुरीचा मूरेह. म्हणजे जगात कुठेही या माशाबद्दल कुणी लिहिले तर आमच्या आजीच्या तोंडचा शब्द लिहावा लागतो. त्या दिवशी मला फार बरे वाटले. पण त्याच दिवशी तिने अकरा कोंड पाहून वहीत लिहिले की मुरी फक्त चार कोंडांत मिळाली.

या मुरीच्या नात्यातलीच एक नवी जात 2020 साली आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिरापाशी नोंदली गेली. शिस्टुरा हिरण्यकेशी असे तिचे नाव. पुढल्याच वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटभर लांबीच्या माशासाठी सरकार असे करू शकते, हे पाहून मी हे पत्र लिहायचे धाडस करतो आहे. आमच्या कोंडांत अजून कुणी न नोंदलेले काय होते आणि ब्रेकरखाली काय गेले, ते आता कसे कळणार?

अहिराबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. सापासारखा लांब, मनगटाएवढा जाड मासा. राखणदाराच्या कोंडात कपारीत एक होता, मी त्याला सात-आठ वर्षे ओळखत होतो. हा मासा वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पिल्ले तिथून परत खाडीत येतात आणि नदी चढत चढत आमच्यापर्यंत पोचतात. मोठ्या कोळंबीचेही काहीसे तसेच. ती राहते नदीत, पण तिची पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्याशिवाय जगत नाहीत, म्हणून अंडी घेऊन ती खाली उतरते. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा माझा कोंड आणि जयगडची खाडी यांचा रोजचा संबंध आहे. मंगळवारी आमच्याकडे खाडीकाठच्या भोई बायका मुळे म्हणजे शिंपल्या, खुबे आणि बोयटी मासे घेऊन येतात. त्यातल्या एक मावशी गेली तीस वर्षे माझ्या ओळखीच्या. त्या परवा म्हणाल्या, वरून येणारे गोडे पाणी माघातच तुटते, मुळे पहिल्यासारखे भरत नाहीत, आणि पावसात येतो तो नुसता लाल चिखल. वर आम्ही काय केले त्याची झळ खाली त्यांना बसते. आमच्या दोन गावांमध्ये पन्नास किलोमीटर आहेत.

तो लाल चिखल कुठून येतो, हेही कुणी विचारत नाही. आमच्या बाजूला डोंगरच्या डोंगर जळाऊ लाकडासाठी एका हंगामात बोडके होतात. रस्त्यांसाठी कापलेल्या दरडींची माती उतारावर तशीच सोडतात. पहिल्या पावसात ती खाली येते, पात्रात बसते, आणि मग ती काढायला पुन्हा यंत्रे. वरचा नळ चालू ठेवून खालची फरशी पुसत बसण्यासारखे हे आहे.

उदांबद्दल लिहायचे राहिले. पाणमांजर म्हणतात त्यांना काही ठिकाणी. मांडवाच्या कोंडाच्या सपाट दगडावर सकाळी त्यांची विष्ठा दिसायची, खेकड्याच्या कवचांचे तुकडे आणि माशांचे खवले, उग्र वास. प्रत्यक्ष दर्शन मला छत्तीस वर्षांत पाच वेळा. शेवटचे 2018 च्या जानेवारीत, दोन मोठी आणि तीन पिल्ले, शिट्टीसारखा आवाज करत उंबऱ्यावरून घसरत होती. त्या दिवशी एक मनीऑर्डर पोचवायला मला उशीर झाला. आता तो दगड सकाळी स्वच्छ असतो. मासेखाऊ घुबडाचा घुमणारा आवाज वरच्या देवराईतून अजून येतो, तेवढे आहे.

माझी बहीण महाडकडे दिली आहे. तिच्याबरोबर मी काळ नदीवरच्या वाळण कोंडीला गेलो होतो. वरदायिनी देवीचे ठाणे आहे, झुलता पूल आहे, आणि पुलाखाली हातभर लांबीचे महासीर मासे कुरमुऱ्यांसाठी वर येतात. ते मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. कसले तारेचे कुंपण नाही, पहारेकरी नाही. एका गावाने एक कोंड राखला, तर पिढ्यान्‌पिढ्या काय टिकते ते तिथे डोळ्यांनी दिसते. आमच्याही प्रत्येक गावात असा एक कोंड होता. देवाचे नाव गेले तरी राखण का जावी?

माझे मागणे एवढेच आहे. गाळ काढण्याचे काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेने आपल्या हद्दीतले कोंड दाखवावेत आणि ते कामाच्या नकाशावर लाल रंगाने आखावेत. तिथे यंत्र उतरू नये, उंबऱ्याला ब्रेकर लागू नये, काठची शेरणी, करंज, जांभूळ तशीच राहावीत. साचलेली रेती आणि गोटे जरूर काढा, खाडीच्या तोंडाशी तर आधी काढा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांच्या माहितीवरून नोंदवही करायची असते. आमच्या गावातली समिती कागदावर आहे. त्या वहीत कोंडांची नावे लिहिली गेली, तर पुढच्या ठेकेदाराला ‘अडथळा’ म्हणता येणार नाही. शिमगा ते मृग कोंडात मासेमारी बंद, आणि वलगणीच्या पहिल्या तीन रात्री पऱ्याचे तोंड मोकळे, एवढा ठराव ग्रामसभा आजही करू शकते. त्याला पैसा लागत नाही.

फुटलेल्या उंबऱ्याचेही काही करता येईल असे मला वाटते. गेल्या डिसेंबरात आम्ही बारा-तेरा जणांनी सतीच्या कोंडापाशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून कच्चा बंधारा घातला. गुडघाभर पाणी थांबले, फेब्रुवारीपर्यंत टिकले. पहिल्या पुरात पोती वाहून जातात आणि माशांची वाट मोकळी होते, म्हणून तिथे पक्क्या सिमेंटची भिंत मला नको आहे. पण कातळाचेच मोठे धोंडे परत रचून उंबरा उभा करता येईल का, हे जाणत्या अभियंत्याने येऊन पाहावे.

टपालाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी अकराही कोंडांचा नकाशा काढला आहे. कुठे किती पुरुष पाणी होते, उंबरा कुठे, कुठल्या झाडाखाली, कोणते मासे, सगळे लिहिले आहे. यंत्रे एप्रिलअखेर वरच्या वाडीकडे सरकणार असे ऐकतो. तिथे मांडवाचा आणि राखणदाराचा असे दोन कोंड अजून शाबूत आहेत. काम बघणारे जे कुणी अधिकारी असतील त्यांनी एक सकाळ द्यावी, मी काठाने बरोबर चालेन. सात वाजता निघालो तर उन्हाच्या आधी दोन्ही कोंड बघून होतात.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामीण डाकसेवक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी